वीरगळाखाली सोनं नसतं

परवा रात्री धाकट्या आतेभावाचा फोन आला. "दादा, रविवारी पोरं जमवतोय. भैरोबाच्या देवळापुढचे वीरगळ ॲसिडनं धुतो आणि ऑईलपेंट मारतो. मधला जरा पहारीनं हलवूनही बघू, खाली काय निघतंय ते." डोकंच फिरलं माझं. हे खूळ ज्या व्हॉट्सॲप मेसेजनं त्याच्या डोक्यात भरलं, तो आठवडाभर आमच्या सातारच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मेसेजचं म्हणणं असं: वीरगळ म्हणजे शिवरायांच्या लढाईत गळा कापला गेलेल्या मावळ्याची समाधी. दगडावर जितके कप्पे, तितक्या लढाया त्यानं मारल्या. खाली त्याची तलवार आणि सोनं पुरलेलं असतं. इतिहासकारांनी यावर एक ओळ लिहिलेली नाही, म्हणून आपणच दगड ॲसिडनं साफ करून रंगवायचे.

सोन्यापासून सुरू करतो, कारण पहार तिथंच पडणार आहे. वीरगळ ही लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभी केलेली शिळा आहे. तिच्याखाली खजिना पुरायची काही रीत नव्हती. आणि आमच्या देवळापुढचे तीन दगड तर मुळात तिथले नाहीतच. १९७२ च्या दुष्काळात तलावाचं काम चालू असताना ते ओढ्याकाठी मातीत सापडले आणि गावानं बैलगाडीतून आणून देवळापुढं लावले. वाटेत गाडीचा आस मोडला, हे आजी दरवेळी सांगायची. त्या साली गावात खायला दाणा नव्हता, दगडाखाली सोनं पुरणार कोण? कितीतरी गावांत हेच झालंय. देवळाचा जीर्णोद्धार निघाला, रस्ता रुंद झाला, बांध फोडला, की वीरगळ उचलून पाराशी नाहीतर भिंतीला टेकवले गेले. पहार घातली तर हाती माती येईल आणि शिळा मधोमध तडकेल, एवढंच. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं, लपवणाऱ्याला शिक्षा आहे. पोरांना हे कुणी सांगितलंय का?

'गळ' म्हणजे गळा, हे तर ग्रुपांवरच्या सांगलीकरांनी तरी पुढं पाठवायला नको होतं. कन्नडमध्ये दगडाला कल्लु म्हणतात, त्यांच्याकडच्या कन्नड बोलणाऱ्या जत भागात कुणालाही विचारा. वीरगल्लु म्हणजे वीराचा दगड. गधेगळ म्हणजे गाढव कोरलेला शापाचा दगड, त्यातला 'गळ'ही तोच.

आता मावळा. मधल्या दगडापुढं उकिडवं बसून नीट बघा. खालच्या कप्प्यात वीर आडवा पडलाय, मागं गाईंची रांग आहे. म्हणजे गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला. त्याच्या वर लढाई, ढाल-तलवार आणि एक धनुष्य. त्याच्या वर दोन अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय आणि माथ्यावर कलश, चंद्र, सूर्य. मरण, झुंज, स्वर्ग, कैलास अशी एकाच माणसाची गोष्ट खालून वर वाचायची असते. कप्पे मोजून लढाया कशा निघतील? आणि त्या वीराच्या डोक्यावर पागोटं नाही, केसांचा बुचडा आहे. अंगात अंगरखा नाही, बंदूक कुठंच नाही. ही घडण शिलाहार-यादवांच्या काळातली. देवगिरीचं यादवांचं राज्य १३१८ पर्यंत संपलं होतं, शिवरायांचा जन्म १६३० चा. मधल्या तीनशे वर्षांचं काय करायचं? वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळात वीरगळांची रांगच आहे, तिथं जाऊन ताडून बघा.

एक मात्र कबूल करावं लागेल. स्मारकशिळा उभारायची चाल यादवांबरोबर संपली नाही, मराठेशाहीतही असे दगड घडले. त्यामुळं एखाद्या गावात एखादा दगड खरंच मावळ्याचा असू शकतो. पण म्हणून सरसकट सगळेच मावळ्यांचे ठरवलेत, तर गाईंसाठी जीव दिलेला आमचा हा बिननावाचा माणूस दुसऱ्यांदा पुसला जाईल. मला राग येतो तो याचा.

आणि "एक ओळ लिहिली नाही"? धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठानं १९८२ साली एस. शेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेला जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला, अख्खा स्मारकशिळांवर. त्यात महाराष्ट्रातल्या वीरगळांवरही लिहिलेलं आहे. मराठीत सदाशिव टेटविलकरांचं 'महाराष्ट्रातील वीरगळ' आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं वाचनालयाची पायरी चढायची तसदी घेतली नाही, त्याला इतिहासकार काय करणार?

राहिलं ॲसिड. आपल्याकडचा काळा दगड वरून कणखर दिसतो, पण आठशे वर्षं ऊनपाऊस खाऊन त्याची वरची साल भुसभुशीत झालेली असते. नाकडोळे, बोटं, तलवारीची मूठ, सगळं त्या सालीतच आहे. ॲसिड आधी तीच खातं. वर ऑईलपेंट बसला की ओल आत कोंडते, आणि पोपडा सुटताना कोरीव काम घेऊनच सुटतो.

आतेभाऊ म्हणाला, "पण दादा, रंगवल्याशिवाय काही दिसतच नाही." दुपारी बाराला गेलास तर नाहीच दिसणार. रविवारी सकाळी सात वाजता ये, ऊन तिरकं पडतं तेव्हा. साधं पाणी आणि मऊ ब्रश आण, पहार घरी ठेव. त्या उजेडात उजवीकडच्या अप्सरेच्या हातातल्या बांगड्यासुद्धा मोजता येतात. मी मोजल्यात, चार आहेत.