एचडीएलचा आकडा एकटा वाचू नका

एचडीएल म्हणजे रक्तातलं 'चांगलं' कोलेस्टेरॉल. ते वाढवायला ऑलिव्ह तेल आणि अक्रोड खा, यावरच नुकत्याच वाचलेल्या एका लेखाचा भर आहे, ते खटकलं. आपल्याकडे एचडीएल कमी असतं (पुरुषांत ४० मिग्रॅ/डेलीच्या खाली, बायकांत ५० च्या) तेव्हा बरेचदा ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) वाढलेली असतात आणि पोटही सुटलेलं असतं. रिपोर्टमधल्या एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सच्या ओळी एकत्र वाचायला हव्यात. म्हणून महागडं तेल आणण्याआधी चहासोबतची खारी-बिस्किटं, गोड सरबतं आणि रात्रीचा ताटभर भात कमी करा. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मासे खात असाल तर बांगडा किंवा तारली, हे सगळं ठाण्याच्या बाजारात परवडणाऱ्या भावात मिळतं. वनस्पती तूप शक्यतो नकोच. ट्रान्स फॅटमुळे (तेल घट्ट करताना तयार होऊ शकणाऱ्या चरबीमुळे) एचडीएल उतरतं आणि एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, चढतं.

कचराळी तलावाभोवती रोज कितीतरी लोक रमतगमत फिरतात. त्यांना कळकळीनं सांगते, थोडा वेग वाढवा, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका. सिगारेट सुटली तर एचडीएल वाढतंच, शिवाय हृदयाचा धोकाही घटतो.

लेखात एक गोष्ट यायलाच हवी होती. स्टॅटिनसोबत (एलडीएल कमी करणाऱ्या गोळीसोबत) नायसिन हे एचडीएल वाढवणारं औषध देऊन एचडीएल वाढवलं, तरी हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, असं २०११ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं. त्यामुळे एचडीएल सुधारलं म्हणून एलडीएलची गोळी परस्पर बंद करू नका. आमच्या सोसायटीत काहींनी तसं केलंय, आणि मला त्यांची खरंच काळजी वाटते.