फादरनी राजकारणात पडावं का?

'फादरनी मिस्सा (चर्चमधली प्रार्थनाविधी) करावी, लग्नं लावावीत, नको त्या भानगडीत कशाला पडायचं?' वसईत हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय. गंमत अशी, की हेच लोक निवडणुकीच्या आधी फादरना भेटायला शाल-श्रीफळ घेऊन जातात.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईची जमीन बांधकामाला मोकळी झाली आणि टँकर सुरू झाले. वाडीतल्या विहिरीवर पंप लावायचा, टँकर भरायचा, पाणी नव्या इमारतींना विकायचं. मालकाला रोख पैसे. पण गोडं पाणी उपसलं की खालून खारं वर येतं, आणि ते कुंपण बघून येत नाही. शेजाऱ्याच्या केळीची पानं कडेने करपायला लागतात, तेव्हा त्याला कळतं. अशा वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली रस्त्यावर उतरले. समोर बिल्डर होते, राजकारणी होते आणि गुंडांची दहशत तर होतीच. हे राजकारण नव्हतं असं म्हणणं भाबडेपणाचं आहे. होतं की! पाणी कोणाला, जमीन कोणाच्या घशात, याहून मोठं राजकारण कुठलं?

पैशाच्या व्यवहारात चर्च त्याच्याही आधीपासून आहे. बॅसीन कॅथॉलिक बँक 1918 सालची. सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला नुसतं प्रवचन देऊन भागत नाही, हे त्या काळच्या धर्मगुरूंना कळलं होतं. तेव्हा कोणी 'भानगड' म्हटलं असेल तर सावकारांनीच.

पण म्हणून चर्चने प्रत्येक वेळी उतरावं असं मी म्हणणार नाही. केरळमध्ये 1959 साली नंबुद्रीपादांच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या आंदोलनात चर्च हिरिरीने उतरलं. त्यामागचं एक मोठं कारण शिक्षण विधेयक, म्हणजे शाळांवरचा ताबा. निवडून आलेलं सरकार केंद्राने 31 जुलैला बरखास्त केलं. मला ते पटत नाही. विहीर खारी झाली तर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांचीच होते. शाळेच्या मॅनेजमेंटचं तसं नाही.

2009 मध्ये वसई-विरार महापालिका आली, तिच्यातून गावं वगळण्याचं आंदोलन पेटलं आणि त्या आंदोलनाचे नेते विवेक पंडित वसईतून अपक्ष आमदार म्हणून निवडून आले. 29 गावं वगळण्याचा 2011 चा निर्णय पुढे कोर्टात अडकला. या सगळ्यात चर्चने गावांच्या बाजूने बोलणं मला रास्तच वाटतं. अमुकच चिन्हावर शिक्का मारा असं वेदीवरून सांगणं मात्र अजिबात नाही. तिथे बसलेल्या माणसाला उठून उलट प्रश्न विचारता येत नाही, एवढं एकच कारण पुरे.

आणि आपल्या वसईच्या ख्रिस्ती समाजाबद्दलही बोलू. वाड्या विकणाऱ्यांत आपलेच लोक होते. बावखलं, म्हणजे वाड्यांतली गोड्या पाण्याची तळी, बुजवून बंगले बांधले तेही आपणच. दिब्रिटोंच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाला त्यांच्या धर्मावरून विरोध झाला, तेव्हा आपण चिडलो, बरोबरच होतं. पण त्यांचं पाण्याबद्दलचं म्हणणं किती जणांनी आपल्या कुंपणाच्या आत पाळलं?

चर्चनेही सुरुवात घरापासून करावी. पॅरिशचा, म्हणजे आपल्या चर्चच्या धर्मग्रामाचा, नवा हॉल बांधताना बोअरवेल किती खोल मारली, हे बांधकामाच्या हिशोबाशेजारी नोटीस बोर्डावर लावायला काय हरकत आहे?