अक्षरी दोन रुपये फक्त

परवा मुख्याध्यापकांनी शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर एक पीडीएफ टाकली आणि खाली माझं नाव लिहून दोन जोडलेले हात चिकटवले. हे हात दिसले की समजायचं, कुठल्या तरी टेबलाने खुलासा मागवलाय. मागवलाच होता. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाला मी ज्या केंद्राचा केंद्राध्यक्ष होतो, तिथे एक आक्षेपित मत नोंदलं गेलं. त्याची जप्त अनामत रु. २ (अक्षरी दोन रुपये फक्त) शासनजमा झाल्याचा पुरावा अभिलेखात आढळून येत नाही. सबब तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.

म्हणणं आहे. भरपूर आहे.

ज्यांनी ही ड्युटी केलेली नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. समोर आलेला मतदार यादीतला तो नव्हेच, असं केंद्रात बसलेल्या उमेदवाराच्या माणसाला, म्हणजे पोलिंग एजंटला, वाटलं तर तो आक्षेप घेऊ शकतो. त्यासाठी आधी केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये रोख ठेवायचे. मग केंद्राध्यक्षाने तिथल्या तिथे चौकशी करायची. आक्षेप खोडसाळ निघाला तर दोन रुपये सरकारजमा, नाहीतर परत. हे १९६१ च्या निवडणूक नियमांत आहे. पुढे मतपेट्या गेल्या, मशीन आलं, मशीनशेजारी चिठ्ठी दाखवणारं दुसरं मशीन आलं. मशीनसाठी नियमांचं नवं प्रकरण लिहिलं गेलं, त्यात ४९-जे या नियमात हे दोन रुपये जसेच्या तसे उचलून ठेवले. प्रशिक्षणात या पानावर आलं की सांगणारे साहेब म्हणतात, "हे काही तुमच्याकडे होत नाही, पुढे चला." सगळे पुढे जातात. चहा येतो.

माझ्याकडे झालं.

माणदेशातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, तिसरीचा वर्ग. सकाळी साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे एजंटांसमोर निदान पन्नास खोटी मतं टाकायची, मोजून दाखवायची आणि आठवणीने पुसायची. हे पुसणं राहिलं की केंद्राध्यक्षाचं आयुष्य पुसलं जातं. ते नीट पार पडलं, सातला मतदान सुरू झालं. अकराच्या सुमारास रांग व्हरांड्याबाहेर गेली होती आणि आत एक पंचा खांद्यावर टाकलेले, टोपीवाले म्हातारबा आले. एक नंबरच्या मतदान अधिकाऱ्याने नाव पुकारलं. एजंटांच्या बाकावरचा पांढऱ्या शर्टातला एक तरुण ताडकन उभा राहिला.

"साहेब, ऑब्जेक्शन."

"कसलं?"

"ह्यो मानूस त्यो न्हवं."

यादीतला फोटो पाहिला. टोपी ओळखू येत होती. टोपीखाली शाईचा डाग होता. म्हातारबांकडे ओळखपत्र होतं, पण त्यावरही तोच डाग. मी एजंटला हळूच म्हणालो की आक्षेप घ्यायचा तर दोन रुपये भरावे लागतील. मला वाटलं, पैसे म्हटल्यावर खाली बसेल.

"फोनपे करतो की. स्कॅनर कुठाय?"

"रोख लागतात. आणि मोबाइल शंभर मीटरच्या आत आणायचा नाही."

"आनलाच न्हाई. भायेर पोराकडं दिलाय. त्येला आरडून सांगतो, त्यो करंल."

"रोख, रोख."

त्याने खिशात हात घातला आणि पाचशेची नोट काढली. मग आणखी एक खिसा चाचपला. त्यातूनही पाचशेचीच निघाली. मतदानाच्या दिवशी एजंटच्या खिशात एवढ्या पाचशेच्या नोटा कशा, हे विचारायला माझ्याकडे कुठलाही नमुना दिलेला नव्हता. निवडणुकीच्या साहित्यात काय नसतं? लाख असते, काडेपेटी असते, मेणबत्ती, ब्लेड, सुतळी, म्हैसूरहून आलेली शाई आणि ती शाई सांडू नये म्हणून तिला ठेवायला वाटीसुद्धा असते. अनामतीच्या पावत्यांचं पुस्तक असतं. चारशे अठ्ठ्याण्णव रुपये सुट्टे नसतात. मी बाकीच्या एजंटांकडे पाहिलं. विरोधी पक्षाला दोन रुपये उसने द्यायचे तर वरून आदेश लागला असता, त्यामुळे तिघेही फळ्यावरचा सुविचार वाचू लागले. पोलिसाने तर पाठच फिरवली.

रांगेतल्या बायका बोलायला लागल्या. तेवढ्यात म्हातारबांनी बंडीच्या चोरखिशातून चंची काढली, तिचे पदर उलगडले, सुपारी बाजूला सारली, चुन्याची डबी बाजूला सारली आणि तळातून दोन रुपयांचं नाणं काढून त्या तरुणाच्या हातात ठेवलं.

"हे घे. पर उरक. शेरडं सोडायच्यात."

ज्याच्यावर आक्षेप, त्यानेच आक्षेपाची अनामत भरली. हे नियमात बसतं का, हे बघायला माझ्याकडे वेळ नव्हता. आताही निवांत वाचून पाहिलं. नाणं कुणाचं असावं याबद्दल नियम एक अक्षर बोलत नाही. मी पावती फाडली, अर्थात तरुणाच्या नावे.

मग विधी सुरू झाला. तोतयेगिरी केल्यास कैद होऊ शकते, अशी म्हातारबांना समज दिली. यादीतली नोंद संपूर्ण वाचून दाखवली आणि नियमाप्रमाणे विचारलं, "या नोंदीतली व्यक्ती आपणच का?"

"मंग काय माजा बा हाय?"

बाप नोंदीत होताच, पण पुढच्या रकान्यात. नमुना १४ वर त्यांचा अंगठा घेतला आणि तरुणाकडे वळलो. "तुमचा पुरावा काय?"

"माजा कशाला? त्येंनी द्यावा."

"आरं, खांद्यावर बशिवलं हुतं तुला शिंगणापूरच्या जत्रंत," म्हातारबा एकदम भडकले, "माज्या टोपीत मुतला हुतास!"

"तात्या, तुमी मदी बोलू नका!"

वर्ग चिडीचूप झाला. दोन नंबरच्या मॅडमचं पेन रजिस्टरवर थांबलं.

"तुम्ही यांना आत्ता काय म्हणालात?"

"काय म्हनालो?"

"तात्या म्हणालात."

"वयानं मोठी मानसं हैत. मंग काय आरं-तुरं करू?"

"आणि जत्रेत खांद्यावर कुणी नेलं होतं?"

"आमच्या तात्यानं."

"ते हेच ना?"

तो तरुण थोडा वेळ गप्प राहिला. म्हाताऱ्याकडे त्याने टोपीपासून वहाणेपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "न्हाई. आमचं तात्या बांध कोरनारं न्हवतं."

मी तीस वर्षं मुलांना मराठी शिकवतोय. माणूस तोच राहतो की बदलतो, या विषयावर इतकं नेमकं वाक्य मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही. पण नमुना १४ मध्ये ते लिहायला रकाना नव्हता. बाहेरच्या टेबलावरून बीएलओ, म्हणजे केंद्राची मतदारयादी सांभाळणाऱ्या, ताईंना बोलावलं, त्या गावच्या अंगणवाडी सेविका. त्या दारातूनच म्हणाल्या, "अहो, सख्खे चुलते-पुतणे आहेत सर. बांधावरनं बोलत नाहीत." चौकशी संपली. आक्षेप सिद्ध होत नाही, तो सद्‌भावनेने घेतलेला नाही, मतदाराला मतदान करू द्यावे, अनामत जप्त. सही, शिक्का.

तात्यांनी मत दिलं. चिठ्ठी काचेत सात सेकंद दिसते, तेवढा वेळ ते काचेत वाकून बसले आणि मग सरळ माझ्या टेबलाशी आले. शाईचं बोट पुढे करून म्हणाले, "माजं दोन रुपये?"

"ते जप्त झाले, तात्या."

"का?"

"आक्षेप खोटा निघाला म्हणून."

"खोटा कोन निघाला?"

"ते."

"खरा कोन निघाला?"

"तुम्ही."

"आन् पैसं कुनाचं गेलं?"

मी पाणी प्यायलो. माझ्या पाकिटातून दोन रुपयांचं नाणं काढून त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी हात मागे घेतला. "तुमचं कशापायी? तुमी काय केलंय? मला सरकारचं पायजेत." शेरडं सोडून दुपारी ते परत आले, खिडकीच्या गजातून हेच म्हणाले. चारच्या सुमाराला पुन्हा आले. तोवर पुतण्याने बाहेरच्या पोराकडून दोन चहा मागवले होते, आणि त्यातला एक तात्या पीत होते. माझ्याशी मात्र वैर कायम होतं.

त्याच दुपारी एजंटांचे डबे आले. एकाच्या डब्यात मटण होतं. आम्हाला "या सर" म्हणाले. मतदान पथकाने कुणाचा पाहुणचार घ्यायचा नाही, ही तंबी प्रशिक्षणात मिळालेली, त्यामुळे आम्ही वासावर भागवलं. आमचं जेवण झोनल ऑफिसरच्या गाडीतून येणार होतं. गाडी आली, टक्केवारी विचारून गेली. दोन नंबरच्या मॅडमनी पर्समधला बिस्किटाचा पुडा फोडला आणि चौघांनी वाटून खाल्ला. त्या पाणी मात्र पीत नव्हत्या, आदल्या संध्याकाळपासून. शाळेतल्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते गुरुजी स्वतः दुसऱ्या तालुक्यात ड्युटीवर होते. याच्यात विनोद शोधायचा मी प्रयत्न केला, सापडला नाही.

रात्री साहित्य जमा करायला तालुक्याच्या मंडपात पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. नमुना सतरा सीचा, म्हणजे नोंदलेल्या मतांचा, हिशेब जुळला, मशीनं घेतली, पाकिटं घेतली, पितळी शिक्का मोजून घेतला. पावतीपुस्तकासोबत मी नाणं पुढे केलं तर टेबलावरचा मुलगा म्हणाला, "सर, नाण्याला पाकीट नाहीये." शेवटी सेलोटेपने नाणं पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं, यादीत तसं लिहिलं, त्याने सही केली. त्या सहीची झेरॉक्स माझ्याकडे आहे. बाहेर गावी जायला एकही एसटी नव्हती. मॅडमचा नवरा तीस किलोमीटरवरून मोटारसायकलवर आला, पुढे टाकीवर झोपलेलं पोर घेऊन.

आणि मानधन! केंद्राध्यक्षाला दिवसाला साडेतीनशे, मतदान अधिकाऱ्याला अडीचशे, शिपायाला दोनशे. हे दर २०१४ च्या सुमाराचे, दहा वर्षं कुणी हलवले नव्हते. मतदानाचा दिवस पहाटे पाचला सुरू होऊन रात्री एकला संपतो, म्हणजे माझा तास साडेसतरा रुपयांचा झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती, त्यात रात्री मशीन उशाला घेऊन झोपावं लागत नाही. आमचे शेजारी म्हणतात, "तुम्हाला त्या दिवसाचा पगार मिळतोच की." मिळतो. त्यांना दिवाळीत रजेचा पगार मिळतो तेव्हा मी त्यांना मशीन सील करायला बोलावत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नका, फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणुका वगळून. आपत्तीच्या शेजारी निवडणूक बसवणाऱ्याला अनुभव असणार.

आमची ड्युटी होऊन गेल्यावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, निवडणूक आयोगाने दर वाढवले. केंद्राध्यक्ष पाचशे, मतदान अधिकारी चारशे, जेवणाचे दीडशेचे थेट पाचशे. आनंद आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कर्तव्यात कसूर केल्याचा दंड पाचशे रुपयांपर्यंत लिहिलेला आहे. म्हणजे आता निदान एका दिवसाच्या कमाईत एक कसूर परवडेल, आमच्या वेळी पदरचे दीडशे घालावे लागले असते. तेच दीडशे, जे मला जेवणाचे मिळाले नाहीत. वाटपाच्या टेबलावर सांगितलं गेलं, "तुमच्या केंद्राला जेवण पोच झाल्याची नोंद आहे." कुणाची सही आहे विचारलं तर म्हणाले, "सही कशाला? नोंद आहे ना."

तर खुलाशासाठी काल संबंधित लिपिकांना फोन केला. माणूस सज्जन वाटला.

"सर, कशाला वाढवता? दोन रुपये चलनाने भरून टाका, विषय संपला."

"मी ते जमा केलेत. तुमच्याच माणसाची सही आहे."

"सही आहे, पण रक्कम लेखाशीर्षात दिसत नाही."

"पुठ्ठ्यावर चिकटवली होती. पावतीपुस्तक बघा ना."

"ते सीलबंद आहे, सर. उघडता येत नाही."

"मग नाणं त्यातच आहे."

"असेल. पण दिसत नाही ना."

मी म्हटलं, बरं, दोन रुपये पुन्हा भरतो. पण मग माझे जेवणाचे दीडशे तेवढे बघा, एका हाताने द्या, एका हाताने घ्या.

"त्याचा अर्ज वेगळा करावा लागेल. सोबत जेवण न मिळाल्याचा दाखला जोडा."

"कुणाचा दाखला?"

"ज्यांनी जेवण पुरवलं त्यांचा."

"अहो, त्यांनी पुरवलंच नाही."

"तेच त्यांनी लेटरहेडवर लिहून द्यायचं. तारखेसह. शिक्का विसरू नका, सर."