चांदीचा पेला आणि मामी

मामांचं सहस्रचंद्रदर्शन मी तोक्योतून फोनवर पाहिलं. लेकीसुना दिव्यांचं ताट घेऊन उभ्या, आणि मामी मामांच्या काखेत हात घालून त्यांना पाटावर सावरून धरतायत. मामी स्वतः पंचाहत्तरच्या.

जपानातही दीर्घायुष्याचा असा मान असतो. १९६३पासून शंभरी गाठणाऱ्याला सरकार साकेचा चांदीचा पेला देतं, बशीसारखा उथळ. त्या वर्षी देशभरात शंभरी पार केलेले होते १५३. २०२५च्या सप्टेंबरात ९९,७६३, त्यांत ८८ टक्के बायका. एवढ्यांना चांदी कुठून पुरणार? २०१६पासून पेल्याला नुसता मुलामा असतो. लोक हसले, मला मात्र ते प्रामाणिक वाटलं. मान ठेवला, खर्चही मोजला.

आपल्याकडे मान देण्यात कोणी कमी पडत नाही. हिशेबाची गाडी मात्र एकाच ठिकाणी अडते: राज्य कर्मचाऱ्यांनी ५८व्या वर्षी निवृत्त व्हायचं की ६०व्या? घरच्या ग्रुपवर सरकारी नोकरीतला दादा साठसाठी तावातावाने लिहितो. त्याचाच एमपीएससी करणारा मुलगा खाली विचारतो, ‘बाबा, मग जागा कधी निघणार?’ दोघांचंही बरोबर आहे. पण मामांना रात्री दोनदा कोण उठवतं, हे त्या वादात येतच नाही.

इथे जपानात म्हाताऱ्यांची शुश्रूषा कोण करणार, हे थेट पगारात येतं. चाळिशी लागली आणि माझ्या पगारातून ‘काइगो होकेन’ची, म्हणजे शुश्रूषा विम्याची कपात सुरू झाली. परदेशी म्हणून सूट नाही. २०००पासूनची ही पद्धत. पालिकेकडून माणूस घरी येतो, अंघोळ जमते का, उठताना आधार लागतो का, ते बघतो. त्यावरून मदत ठरते आणि बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्साच भरावा लागतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना दिवसभराच्या शुश्रूषा केंद्रात न्यायला सकाळी नऊला पांढरी गाडी येते. चाकाची खुर्ची आत चढली की सून सायकल काढून कामावर. संध्याकाळी आजी अंघोळ-बिंघोळ करून परत.

सगळं आलबेल नाही. दहांतले जवळपास तिघं पासष्टीपुढचे, मतदानालाही तेच नेमाने जातात, त्यामुळे पुढारी त्यांना दुखवायला कचरतात. २०१०मध्ये तर तोक्योत कागदोपत्री १११ वर्षांचे आजोबा तीसेक वर्षांपूर्वीच घरात वारलेले निघाले. पेन्शन घरचे उचलत होते.

तरी मी ग्रुपवर लिहिलं, आपणही असा विमा मागायला हवा. दादाने विचारलं, रोजंदारीवाल्याच्या कुठल्या पगारातून कापणार? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचे पैसे सरकारनेच भरावेत, एवढंच सुचलं. मग त्याने लिहिलं, ‘आणि आपल्याकडे हवंय कशाला ते? इथे मामी आहेत ना.’

चौदा जणांनी अंगठे दिले. मामी त्या ग्रुपवर नाहीत.