वाटप म्हणजे सहलेखन नव्हे

‘चौघांत चार भाग वाटून द्या, शेवटी एकत्र जोडा’ हा विद्यार्थ्यांच्या गटलेखनावरच्या तुमच्या लेखातला सल्ला वाचून थबकलो. याला सहलेखन नाही, गोधडी म्हणतात. तीही टाके न घातलेली. पदवीच्या मुलांकडून गटात अहवाल लिहून घ्यायला लागलो तेव्हा पहिल्या वर्षी मीही हेच केलं. एका अहवालात ‘नमुना निवड’ची व्याख्या तीन ठिकाणी, तीन तऱ्हेची. एका पानावर ‘आम्ही’, पुढच्यावर ‘प्रस्तुत संशोधक’. निष्कर्ष लिहिणाऱ्याने मधली पानं उघडलीसुद्धा नव्हती!

आता आराखडा सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय वाटप नाही. पहिला खर्डा झाला की भागांची अदलाबदल. दुसऱ्याच्या मजकुराला गुगल डॉक्सच्या सजेस्टिंग मोडमध्येच हात लावायचा, म्हणजे बदल थेट न होता सूचना म्हणून दिसतो. मूळ वाक्य समोर राहतं आणि वाद वाक्यावर होतो, माणसावर नाही (बहुतेक वेळा). बाकी व्हर्जन हिस्टरी (कोणी कधी काय बदललं याची डॉक्समधली नोंद) बघून गुण द्यायचं तुम्ही लेखात म्हणता, ते अर्धंच पटलं. तिथे टाइप कोणी केलं ते दिसतं. एका लॅपटॉपभोवती चौघं बसून तासभर भांडली असतील, तर सगळं श्रेय लॅपटॉपवाल्याला.