हरकत घेण्यास हरकत नाही

चार वर्षांपूर्वी पौषातल्या एका रविवारी मी बाजारातून भरताची वांगी आणि हिरव्या मिरच्या घेऊन आलो, तेव्हा शासन माझ्या मताची वाट पाहत बसले आहे याची मला सुतराम कल्पना नव्हती. वांगी पिशवीत होती आणि मिरच्या वर्तमानपत्राच्या पुडीत. मिरच्या काढून घेतल्यावर सौभाग्यवतींनी तो कागद चुलीत घालण्याआधी, सवयीप्रमाणे, एकदा उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, यात आपल्या गल्लीचे नाव आहे."

ती आमच्या नगरपरिषदेची जाहीर सूचना होती. शहराची प्रारूप विकास योजना तयार झाली असून तिच्याबाबत नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना लेखी स्वरूपात सादर कराव्यात, असा तिचा आशय होता. परंतु हा आशय मला तिसऱ्या वाचनानंतर सापडला. सबंध सूचना म्हणजे एकच वाक्य होते. ते 'ज्याअर्थी'ने सुरू होत होते, मध्ये आणखी दोन 'ज्याअर्थी' घेत होते आणि 'त्याअर्थी'पाशी पोहोचेपर्यंत वाचणाऱ्याला धाप लागत होती. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले असल्यामुळे पेन्सिल घेऊन त्याचे वाक्यपृथक्करण करायला बसलो. कर्म सापडले, विधेय सापडले, विशेषणे तर ढिगाने सापडली, पण कर्ता काही केल्या सापडेना. 'कळविण्यात येत आहे', 'विचारात घेतल्या जाणार नाहीत', 'नोंद घेण्यात यावी' अशी सगळी कर्मणी आणि भावे प्रयोगांची मिरवणूक होती, आणि मिरवणुकीत देव तेवढा नव्हता. मुदत सूचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांची होती. मात्र प्रसिद्धीची तारीख ओल्या मिरच्यांना चिकटून गेली होती, आणि मिरच्या एव्हाना तव्यावर होत्या.

आम्ही खानदेशी माणसे मत देण्यात कंजूष आहोत, असे आमचा शत्रूही म्हणणार नाही. केळीचा भाव, कापसातला ओलावा, गिरणा धरणाच्या पाण्याचे आवर्तन, शेजाऱ्याच्या जावयाची नोकरी, यांपैकी कोणत्याही विषयावर आमचे मत टपरीवरच्या पहिल्या घोटाआधी तयार असते आणि ते ऐकायला कोणी नसले तरी आम्ही ते देतो. अडचण एवढीच आहे की, शासनाला ते कागदावर हवे असते, दोन प्रतींत हवे असते आणि मुदतीत हवे असते.

ही विचारण्याची पद्धत आजची नाही. १८९७च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ती लिहून ठेवली आहे. ज्या नियमांना पूर्वप्रसिद्धीची अट आहे त्यांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा, तो अमुक तारखेनंतर विचारात घेतला जाईल असे लोकांना सांगावे, आणि त्या तारखेपर्यंत आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्यात, अशी ती सरळ तजवीज आहे. त्याच कलमात पुढे अशीही तरतूद आहे की, असा नियम पूर्वप्रसिद्धीनंतर केल्याचे नमूद होऊन एकदा राजपत्रात आला की, तो रीतसर झाल्याचा तोच निर्णायक पुरावा समजावा. म्हणजे लग्नघरच्या यजमानाने मांडवाच्या दारावर 'सर्व मंडळी तृप्त झाली' अशी पाटी लावायची आणि कोणी रिकाम्या पोटी निघालाच, तर त्याला ती पाटी दाखवायची.

मुदतींचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जात असेल तर १९५६च्या कायद्याखाली हरकतीला २१ दिवस मिळतात. २०१३च्या भूसंपादन कायद्याखाली ६० दिवस मिळतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली विकास योजना आली तर ३० दिवस. आणि जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मानांकनाचा अर्ज जाहीर झाल्यावर त्याला विरोध करायला कायदा कोणाही व्यक्तीला तब्बल तीन महिने देतो. वांग्याला तीन महिने आणि माणसाला एक, हा विचार त्या दिवशी भरीत आणि कळण्याची भाकरी खाताना माझ्या मनात आला आणि मी वांग्याकडे प्रथमच आदराने पाहिले.

सोमवारी मी नकाशा पाहायला गेलो. नकाशा नागरिकांच्या माहितीसाठी लावलेला होता, यात शंका नाही. तो जिन्याखाली लावलेला होता, यातही नाही. त्याच्यासमोर पाण्याचा कूलर होता आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी 'जरा सरका' म्हणून पेला भरून जात होते. पिवळा रंग म्हणजे रहिवास आणि हिरवा म्हणजे बगीचे व मैदाने, एवढे कळले. आमची गल्ली मात्र शोधावी लागली नाही. आधी येऊन गेलेल्या शंभर-दीडशे माणसांनी 'ही आपली गल्ली' असे म्हणून तिच्यावर इतक्या वेळा बोट ठेवले होते की, तेवढ्या जागेचा रंग उडून कागद पांढरा पडला होता, आणि ज्यांच्या जिवाला घोर लागला होता त्यांचीच घरे नकाशावरून पुसली गेली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कोणाचे काही जाणार नव्हते, तिथला रंग जसाच्या तसा ताजा होता.

"यात नवा रस्ता नेमका कुठून जातो?" असे मी टेबलावरच्या गृहस्थांना विचारले.

"तुमच्याकडे पूर्वेच्या रांगेतून, सर. बारा मीटरचा डीपी रोड, म्हणजे विकास योजनेतला रस्ता आहे. ओटे जातील, फार तर एखादी पायरी," असे ते इतक्या सहजतेने म्हणाले की, जणू ओटा ही दर पावसाळ्यात आपोआप जाणारीच वस्तू असावी. मी पूर्वेच्या रांगेत राहतो. मुदतीचे किती दिवस उरले, या प्रश्नावर त्यांनी बोटे मोजली आणि 'अकरा' म्हणाले.

त्या रात्री मी हरकत लिहिली. ती तीन पाने झाली. पहिल्या पानावर ओट्याचा इतिहास होता, दुसऱ्यावर त्याचे सामाजिक कार्य (उन्हाळ्यात त्यावर झोपणारी मंडळी, कानबाईच्या मिरवणुकीत त्यावर टेकणाऱ्या बायका, दर निवडणुकीत त्यावर बसून मते मागणारे उमेदवार) आणि तिसऱ्या पानावर शासनाच्या विवेकबुद्धीला आवाहन. सौभाग्यवतींनी ती वाचली आणि म्हणाल्या, "ओट्यावरून रस्ता जातो आहे, तो जाऊ नये, एवढेच लिहा ना." मग आम्ही घराचा सिटी सर्व्हे नंबर, मालमत्ता पत्रकाची प्रत, समोर मोकळी पडलेली नगरपरिषदेची पट्टी आणि रस्ता तिकडे तीन मीटर सरकवल्यास कोणाचेच काही जात नाही असे दाखवणारे एक हाताने काढलेले रेखाचित्र, असा दीड पानाचा अर्ज केला. समोरच्या पट्टीमागे जिभाऊंचा ओटा आहे, ही गोष्ट तेव्हा माझ्या रेखाचित्रात आली नाही. कागद तिथेच संपत होता.

जिभाऊ माझे चाळीस वर्षांचे शेजारी. त्यांना मी सूचना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी तंबाखू मळता मळता फक्त एवढेच म्हटले, "सरकार आपले इचारी राह्यनं ना सर, मंग सांगनंच पडी." त्यांचे स्वतःचे काही जात नसतानाही गल्लीची बाजू म्हणून त्यांनीही हरकत द्यायचे ठरवले. त्यांनीच काय, सगळ्या गल्लीने ठरवले, कारण कोणीतरी तालुक्यातल्या दुसऱ्या एका हरकतीचा तयार नमुना आणला होता आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने त्याच्या दीडशे प्रती काढून ठेवल्या होत्या. नाव लिहायचे, सही करायची, झाले. त्या नमुन्यातले पहिलेच वाक्य 'सदर रस्ता माझ्या केळीच्या बागेतून जात असल्याने माझे कधीही भरून न येणारे नुकसान होणार आहे' असे होते, हे कोणी वाचले नाही. आमच्या गल्लीतला शिंपी, न्हावी, पोस्टातून निवृत्त झालेले अण्णा आणि दोन मजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे बँकेचे कर्मचारी, असे सगळे एका सकाळीच केळीचे बागाईतदार झाले.

आवक खिडकीवर मला माझ्या प्रतीवर पोच हवी होती. शिक्का होता, पण शाईची गादी कोरडी पडली होती. लिपिकाने शिक्क्यावर दोनदा हाः केले आणि सर्व शक्ती एकवटून तो कागदावर मारला, तेव्हा उमटला तो फक्त एक गोल आणि त्यात 'परिषद'. तारीख हाताने लिहून द्या, अशी मी विनंती केली. "आमच्या रजिस्टरला आहे ना," असे उत्तर मिळाले. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याला मी हे फोनवर सांगितले, तर तो म्हणाला की तिकडे १९४६च्या कायद्यापासून ही रीत आहे, आता संगणकावर मत लिहिले की लगेच क्रमांक येतो आणि अंतिम नियम काढताना महत्त्वाच्या आक्षेपांना उत्तरही द्यावे लागते. मी त्याला विचारले, तिकडे शिक्क्याची गादी कोण ओली करते? त्याला प्रश्न कळला नाही.

सुनावणी वैशाखात ठेवली होती, दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या सभागृहात. खानदेशात वैशाखातल्या दुपारी दोन वाजता कावळाही हरकत घेत नाही. तरीही माणसे आली. कायद्याप्रमाणे नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि त्यांच्या जोडीला जास्तीत जास्त चार जाणकार असतात. ते व्यासपीठावर होते आणि पंखेही व्यासपीठावरच होते. हरकतींचे क्रमांक पुकारले जात होते आणि एकाच मजकुराच्या हरकती एकत्र ऐकल्या जात होत्या, त्यामुळे आमची सबंध गल्ली एकाच वेळी उभी राहिली.

"या सर्वांच्या केळीच्या बागा आहेत?" असे समितीतल्या चष्मेवाल्या जाणकारांनी नकाशावर वाकून विचारले. "इथे तर गावठाण दाखवले आहे."

गल्ली एकमेकांकडे पाहू लागली. न्हाव्याने मान खाली घातली. तेवढ्यात जिभाऊ पुढे झाले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "शेत ना साहेब. मनी मोरीना मांगे दोन केळी शेत." (आमच्या अहिराणीत 'शेत' म्हणजे 'आहेत'.) सभागृह हसले, समितीही हसली, मात्र इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी 'दोन केळी' असे लिहून घेतल्याचे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. जिभाऊ पुढे ओट्याविषयी बरेच आणि फार चांगले बोलले. सगळे अहिराणीत बोलले, आणि पुण्याकडून आलेल्या जाणकारांनी सगळ्याला मान डोलावली. २०२० साली केंद्राने पर्यावरण आघात मूल्यांकनाचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावरच्या हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली होती आणि तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणायला सांगितले होते, हे मी वाचले होते. अहिराणी त्या बाविसांत नाही. पण अहिराणीत बोललेले न कळताही मान डोलावता येते, आणि मराठीत लिहिलेली सूचना कळूनही आम्हाला मान डोलावणे जमत नाही, तेव्हा हिशेब सरळ झाला.

माझा क्रमांक स्वतंत्र होता. मी उठलो, रेखाचित्र पुढे केले आणि 'मोकळी पट्टी' हे शब्द उच्चारले, एवढ्यात वीज गेली. पंखे थांबले. अध्यक्षांनी रुमाल कपाळावर ठेवून "तुमचे म्हणणे समजले, नोंद घेतली आहे," असे सांगितले. माझे भाषण जेमतेम चाळीस सेकंदांचे झाले असेल. घरी येऊन मी ते उरलेले सौभाग्यवतींसमोर पूर्ण केले.

त्यानंतर तीन पावसाळे गेले. योजना मंजुरीसाठी शासनाकडे गेली, एवढे कानावर आले. ओटा जागेवर होता, त्याची फरशी मात्र मी बदलली नाही, कारण जाणाऱ्या वस्तूवर खर्च कशाला, असा सुज्ञ विचार मी दर दिवाळीला करत असे. आणि गेल्या श्रावणात, कानबाईचे विसर्जन करून गल्ली परतत असताना, जिभाऊ हातात वर्तमानपत्र घेऊन आले. या वेळी ते मिरच्यांचे नव्हते, ताजे होते.

योजनेचा काही भाग शासनाने मंजूर केला होता आणि काही भागात सारभूत स्वरूपाचे फेरबदल सुचवले होते. अशा फेरबदलांवर कायद्याप्रमाणे पुन्हा एक महिन्याच्या आत हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि त्या मागवल्या होत्या. अनुक्रमांक सात वाचताना माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आमच्या गल्लीचा बारा मीटरचा रस्ता पश्चिमेकडे तीन मीटर सरकवला होता. नेमका तीन मीटर. वीज गेलेल्या त्या सभागृहात माझे रेखाचित्र कोणीतरी खरोखरच पाहिले होते. माझा ओटा वाचला होता आणि जिभाऊंचा गेला होता, मोरीमागच्या दोन केळींना मात्र धक्का नव्हता.

"सर," जिभाऊ त्याच वाचलेल्या ओट्यावर टेकत म्हणाले, "तुमना मांगना कागद भलता भारी व्हता. सरकारनी बी आयकं. तसाच मना बी लिखी द्या."

नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? मी कपाटातून अर्धवट शिक्क्याची जुनी प्रत काढली आणि तिच्यावरूनच नवा अर्ज उतरवू लागलो. फारसे काही बदलावे लागत नव्हते; माझ्या नावाच्या जागी त्यांचे नाव, माझ्या सिटी सर्व्हे नंबरच्या जागी त्यांचा. सौभाग्यवती चहा ठेवून गेल्या. जिभाऊ तंबाखू मळत, माझ्या अक्षराचे कौतुक करत बसले होते. शेवटच्या परिच्छेदात मागणी आली. सरकारी अर्जात अशा ठिकाणी लिहायचे वाक्य माझ्या हाताला पाठ आहे, त्यामुळे ते डोक्याला विचारल्याशिवायच कागदावर उतरू लागले: 'तरी सदर रस्ता पूर्ववत'... आणि 'पूर्व'कडे पाहत माझे पेन तिथेच थांबले.

"काय व्हयनं, सर?" जिभाऊंनी वाकून विचारले. "शाई सरनी का?"