राजाभाऊंची तब्येत

माणूस आजारी पडला की निदान कण्हतो तरी. मासा कण्हत नाही. तो तुमच्याकडे बघून तोंड उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. पण हेच तो ठणठणीत असतानाही दिवसभर करत असल्यामुळे त्यावरून निदान करणं अवघड असतं. मी मात्र केलं.

राजाभाऊ म्हणजे आमचा गोल्डफिश. जात ओरांडा. या जातीच्या डोक्यावर वयाबरोबर मांसल गोळा चढत जातो आणि मासा फेटा बांधून निघालेल्या पाहुण्यासारखा दिसायला लागतो. मुलीने ठेवलेलं ‘गोल्डी’ हे नाव त्या फेट्यापुढे टिकलं नाही आणि सगळं घर त्यांना अहोजाहो करू लागलं. तर एका सकाळी राजाभाऊंच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेने मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मी भिंग आणलं, टॉर्च आणला आणि मोजले. उजवीकडे १७, डावीकडे १४.

पांढरे ठिपके म्हणजे इक हा माशांचा रोग, एवढं मी वाचून होतो. तो करणाऱ्या जीवाचं संपूर्ण नाव इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिइस. अर्थ लावला तर ‘माशाची ऊ, पुष्कळ लेकरांची’. १८७६ साली फूके या शास्त्रज्ञाने हे नाव दिलं, आणि त्याच १८७६ साली हाइनरिश कारो या जर्मन रसायनतज्ज्ञाने मेथिलीन ब्लू हे माशांना देतात ते निळं औषध तयार केलं. रोग आणि औषध एकाच सालचे! पत्रिका इतकी जुळलेली पाहून मला भरून आलं. कारोने ते कापड रंगवायला केलं होतं, हा तपशील मी त्या वेळी नजरेआड केला.

औषधाची मात्रा लिटरवर असते. टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४५ उंच; गुणाकार करून हजाराने भागलं, १६२ लिटर आले. तेवढ्या हिशोबाने थेंब टाकले. पाणी सुंदर निळं झालं. राजाभाऊ त्या निळाईतून देवादिकांसारखे प्रकट होत आणि लुप्त होत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पुन्हा नितळ! जंतूंनी औषध पिऊन टाकलं, याचा अर्थ जंतू भरपूर आहेत, असा निष्कर्ष काढून मी पुन्हा मात्रा टाकली. पुन्हा नितळ. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा मात्र निळं राहिलं आणि मी विजयाच्या आनंदात हिला बोलावलं.

“अहो, टाकीचे सांधे निळे झालेत,” ही म्हणाली. “बादली निळी झालीये. तुमची नखं निळी आहेत. मासा मात्र आहे तसाच आहे.”

हे सगळं खरं होतं. टाकीच्या काचा जोडणारं सिलिकॉन एकदा निळं झालं की निळं. आमचं अजूनही आहे. आणि मासा तसाच नव्हता; तो आता पाण्याच्या वर येऊन घटाघटा हवा गिळत होता. ठिपके १७ आणि १४ च.

शेवटी मेव्हण्याला बोलावलं. त्याच्याकडे सहा टाक्या आहेत आणि तो माशांविषयी बोलताना आवाज खाली आणतो, वॉर्डात राउंड घेत असल्यासारखा. त्याने वाकून पाहिलं, फिल्टर उघडला, आतून कोळशाची पिशवी काढली आणि माझ्यासमोर धरली.

“दाजी, हा काढला नव्हता?”

फिल्टरमधला कोळसा औषध शोषून घेतो. पहिल्या दोन मात्रा जंतूंनी नाही, कोळशाने प्यायल्या होत्या. त्याचं पोट भरल्यावर तिसरी पाण्यात राहिली.

“दुसरं म्हणजे, निळं औषध मोठ्या टाकीत टाकायचंच नसतं. बादलीत, वेगळ्या ठेवलेल्या माशाला ठीक आहे. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये असतात. तुम्ही ते मारलेत. आता राजाभाऊ स्वतःच्याच सांडपाण्यात बसलेत.”

“पण मग इक?”

मेव्हणा थोडा वेळ गप्प राहिला. वाईट बातमी सांगण्याआधी डॉक्टर राहतात तसा. “दाजी, इक अंगावर कुठेही येतो. यांचे दाणे फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला आहेत, तेही ओळीत. विणीच्या हंगामात नराला असे येतात. राजाभाऊंना काही झालेलं नाही. ते वयात आलेत.”

म्हणजे मी तीन दिवस एका तरुण मुलाच्या मुरमांवर कापडाचा रंग चोपडत होतो.

पुढचे पंधरा दिवस रोज थोडं थोडं पाणी बदललं, नव्या पाण्यातलं क्लोरीन मारलं, अमोनिया तपासायच्या नळीत थेंब टाकून तिचा रंग बघितला. पिवळा म्हणजे शून्य, हिरवा म्हणजे आपली अक्कल. हळूहळू पिवळा आला. आणि मुलगा वयात आलाय म्हटल्यावर घरच्यांनी लगेच स्थळ आणलं. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना दुर्बिणीसारखे बाहेर आलेले, म्हणून नाव सुलोचना. मेव्हण्याने फोनवर बजावलं होतं की नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा. आई म्हणाली, “घरी आलेल्या सुनेला महिनाभर बादलीत ठेवायचं? शोभतं का?” सुलोचना थेट टाकीत गेली.

आठव्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, राजाभाऊंना परत ठिपके आलेत.”

“तारुण्य,” मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो.

“शेपटीवर पण?”

“असतं एकेकाचं.”

“सुलोचनाला पण? आणि दोघं खडीवर अंग का घासताहेत?”

दोन दिवस मी तारुण्यावर ठाम राहिलो. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा फसतो तो उलट्या बाजूने. तिसऱ्या दिवशी मुलीने परस्पर मामाला फोटो पाठवला. एका शब्दाचं उत्तर आलं: “इक.”

या प्राण्याविषयी मला आता भीतीयुक्त आदर आहे. आपल्याला दिसतो तो पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या वरच्या कातडीखाली घर करून जेवत बसलेला एकपेशीय जीव. तिथे त्याला औषध सहसा शिवत नाही. पोट भरलं की तो गळून तळाच्या खडीत पडतो, भोवती कवच करतो आणि आत फुटत फुटत शेकडो पिल्लं होतो. ‘अष्टपुत्रा’ म्हणणारा आशीर्वाद या जमातीला अपमानकारक वाटेल. ही पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध किंवा मीठ जे काही करायचं ते एवढ्याच फटीत. याचा अर्थ असा की ठिपके दिसेनासे झाले की पेढे वाटायचे नसतात; ते गेले नाहीत, बाळंतपणाला गेलेत. मी पाचव्या दिवशी “गेले!” म्हणून ओरडलो तेव्हा मेव्हणा फोनवर फक्त हसला होता. सातव्या दिवशी ते लेकरांसह परत आले. मोजणं मी त्या दिवशी सोडलं.

मेव्हण्याने मीठ सुचवलं. लिटरला ३ ग्रॅम, तेही एकदम नाही, दीड दिवसात तीन हप्त्यांनी, आधी बादलीभर पाण्यात विरघळवून. मी १६२ लिटरचा हिशोब मांडू लागलो तेव्हा त्याने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. “दाजी, काचेची जाडी? खडी? वरची चार बोटं मोकळी जागा? खरं पाणी धरा १३०.” म्हणजे निळं औषधही मी सव्वापट टाकलं होतं. हे त्याने बोलून दाखवलं नाही. फक्त माझ्या नखांकडे बघितलं.

१३० ग्रॅमचे तीन हप्ते मोजायला स्वयंपाकघरातला काटा लागला, आणि तो मी परत नेऊन ठेवला नाही, यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. शिवाय हीटरने पाणी २५ अंशांपर्यंत चढवायचं होतं, कारण गार पाण्यात इकचं एक चक्र महिन्याहूनही लांबतं आणि २५ अंशांना आठवड्याच्या आत आटपतं. शत्रूला घाई करायला लावायची, असा डाव. पण कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस. तो पंप आमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून होता. चौदा रात्री आम्ही बोटीत झोपल्यासारखे झोपलो. रोज सकाळी सायफनने खडी उपसायची, म्हणजे तिथली बाळंतघरंही बाहेर पडतील. जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ नव्या पाण्यात घालायचं. सायफन सुरू करायला नळी तोंडाने ओढावी लागते असा माझा समज होता. इक माणसाला होत नाही, हे मी त्या सकाळी तीन ठिकाणी वाचून खात्री करून घेतलं. टाकीतल्या हिरव्या वनस्पतींनी मात्र मिठापुढे माना टाकल्या.

इक गेला. खरोखर गेला. पण त्याने उकरलेल्या जखमांत जिवाणू शिरले आणि राजाभाऊंची शेपटी कडेने झिजायला लागली. झालर फाटून दोरे लोंबावेत तशी. फिन रॉट. आता माझ्यातला वैद्य पुन्हा जागा झाला. माझ्या कपाटात घसादुखीच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल उरल्या होत्या.

“त्या उरल्या कशा?” हिने दारातूनच विचारलं. “तुम्हाला सात दिवस घ्यायला सांगितल्या होत्या ना?”

या प्रश्नाला उत्तर नसतं. आपल्याला चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलेल्या गोळ्या, अंदाजाने फोडून, १३० लिटर पाण्यात, कुठला जिवाणू आहे हे माहीत नसताना टाकायच्या, हा बेत मोठ्याने सांगताना मलाच ऐकवेना. शिवाय फिल्टरमधले जिवाणू पुन्हा मेले असते, आणि जे उरले असते ते औषधाला सरावलेले. कॅप्सूल हिने ताब्यात घेतल्या. मेव्हण्याने शेपटीचा फोटो बघून सांगितलं की झीज अजून कडेलाच आहे, बुडाशी नाही. फक्त स्वच्छ पाणी द्या, बुडाशी गेली किंवा खवले अननसासारखे उभे राहिले तर मग पशुवैद्य.

फक्त स्वच्छ पाणी! काहीही न टाकता टाकीसमोर बसून राहण्याइतका अवघड उपचार मी आयुष्यात केलेला नाही. हात शिवशिवतात. दहाव्या दिवशी शेपटीच्या कडेला दुधाळ, पारदर्शक पट्टी दिसली. मी बुरशी म्हणून फोन केला. ती नवी शेपटी निघाली.

गोल्डफिशची स्मृती तीन सेकंदांची असते असं म्हणणाऱ्याने हातात निळी बाटली घेऊन आमच्या टाकीसमोर उभं राहावं. राजाभाऊ क्षणात फिल्टरच्या मागे जातात. मेव्हणा म्हणतो, हे मासे महिनोन्‌महिने लक्षात ठेवतात. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक ४३ वर्षं जगून १९९९ साली वारला, हेही त्यानेच सांगितलं. म्हणजे राजाभाऊंना ही गोष्ट विसरायला भरपूर वर्षं आहेत, पण त्यांचा तसा विचार दिसत नाही.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर राजाभाऊंच्या पोटावर काळा डाग. पाठीवरही. सुलोचनाच्या कल्ल्याशी एक. मी मेव्हण्याला फोन लावला. त्याने “हॅलो” न म्हणता विचारलं, “काळे आहेत ना?”

“तुला कसं कळलं?”

“जखमा भरून येताना अंग काळं पडतं. बरे होताहेत ते, दाजी. झोपा.”

मी झोपलो नाही. एकदा नीट बघून तरी घ्यावं, डाग किती आहेत ते, म्हणून टॉर्च शोधला, टाकीजवळ गेलो, बटण दाबलं. त्यात सेल नव्हते.

सेल कुणी काढले हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.